वेब रँकिंगमध्ये वरचा नंबर म्हणजे विद्यापीठ चांगले का?

एका पालकांचा प्रश्न असा: मुलगी बारावी सायन्स झाली आहे. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून पुढे जर्मनीत एम.एस्सी. करायचे तिच्या मनात आहे. शहरातल्या जुन्या, राज्य विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कॉलेजात प्रवेश मिळतो आहे. दुसरीकडे एक नवे खासगी विद्यापीठ आहे आणि त्याच्या जाहिरातीत 'वेब रँकिंगमध्ये विभागात अव्वल' असे ठळक छापले आहे. ऑनलाइन लोकप्रियतेवरून विद्यापीठांची क्रमवारी लावणे न्याय्य आहे का? मुलीच्या प्रवेशासाठी ती किती धरावी? आणि परदेशात हा नंबर विचारतात का?

मी आधी विद्यापीठाच्या ग्रंथालयात आणि नंतर गुणवत्ता हमी कक्षात, म्हणजे ज्याला सगळे आयक्यूएसी म्हणतात तिथे, बरीच वर्षे काम केले. नॅकचे (कॉलेजांना दर्जाची श्रेणी देणाऱ्या परिषदेचे) अहवाल, एनआयआरएफचा (केंद्र सरकारच्या क्रमवारीचा) डेटा, संशोधन किती उद्धृत झाले याच्या याद्या, वेबसाइटचे आकडे, हे सगळे हाताखालून गेले आहे. त्यावरून सांगते: मुलीचा प्रवेश या नंबरवर ठरवू नका. हा नंबर खोटा असतो असे माझे म्हणणे नाही. तो दुसऱ्याच कशाचा तरी नंबर असतो. या क्रमवारीला विद्यापीठ दिसतच नाही, तिला दिसते ते डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. पत्ता आणि संस्था यांत आपल्याकडे किती अंतर आहे, ते कळले की बाकीचे आपोआप उलगडते.

आधी जाहिरातीतले ते 'वेब रँकिंग' नेमके कोणते, हे विचारा. दोन क्रमवाऱ्या जास्त चालतात आणि त्या एकसारख्या नाहीत. एक वेबोमेट्रिक्स. स्पेनच्या सरकारी संशोधन परिषदेची सायबरमेट्रिक्स लॅब 2004 पासून ती काढत आली आहे, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत. अलीकडच्या पद्धतीत 50 टक्के वजन बाहेरच्या वेबसाइट्सवरून त्या डोमेनकडे येणाऱ्या लिंकना आहे, 10 टक्के संस्थेच्या आघाडीच्या संशोधकांना गूगल स्कॉलरवर मिळालेल्या उद्धरणांना, आणि 40 टक्के आपापल्या विषयात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या वरच्या 10 टक्क्यांत बसलेल्या शोधनिबंधांना. म्हणजे नाव वेबचे असले तरी अर्धा भाग संशोधनाचा आहे. दुसरी युनिरँक, 2005 पासूनची, आधी '4आयसीयू' नावाने ओळखली जायची. ती विद्यापीठांच्या वेबसाइट्सची लोकप्रियता मोजते. आपली क्रमवारी शैक्षणिक दर्जाची नाही, हे ती स्वतःच सांगते. जाहिरातीत मात्र ते वाक्य कधी छापून येत नाही. 'विभागात अव्वल' यातला विभाग कोणता, वर्ष कोणते आणि यादीत त्या विभागातल्या संस्था किती, हे तिन्ही विचारा. ॲडमिशन काउंटरवर याचे उत्तर मिळाले नाही, तर त्यातूनही तुम्हाला काही कळेलच.

आता या पद्धतीच्या बाजूने जे खरे आहे, तेही सांगायला हवे. जगातल्या विद्यापीठांच्या नावाजलेल्या क्रमवाऱ्यांपैकी शांघायची यादी हजार संस्थांची असते, क्यूएसची दीड हजारांच्या आसपास. वेबोमेट्रिक्स तीस हजारांहून अधिक उच्चशिक्षण संस्थांना नंबर देते. लातूर किंवा बुलढाण्याच्या कॉलेजाला जगाच्या यादीत आपण कुठे आहोत हे बघायला बहुतेक तेवढेच एक ठिकाण असते. शिवाय यात संस्थेला कसलाही फॉर्म भरायचा नसतो. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण फॉर्म भरून घेणाऱ्या क्रमवाऱ्यांत काय होते ते 2022 मध्ये जगाने पाहिले. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या गणिताच्या एका प्राध्यापकाने आपल्याच विद्यापीठाने यूएस न्यूज या क्रमवारी काढणाऱ्या प्रकाशनाला दिलेले आकडे तपासून जाहीर शंका घेतल्या, आणि त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावरचे कोलंबिया अठराव्यावर आले. लिंकच्या बाबतीत संस्थेला स्वतःबद्दल काही लिहून द्यावे लागत नाही. दुसऱ्या कोणी तरी तुमचे पान उपयोगी वाटले म्हणून जोडलेले असते, आणि ती त्याची कृती असते, नुसते मत नव्हे. क्यूएसमध्ये आजही 30 टक्के वजन प्राध्यापकांच्या आणि 15 टक्के नोकरी देणाऱ्यांच्या मतांना आहे. म्हणजे तीही लोकप्रियताच आहे, फक्त विचारून घेतलेली. आपल्या एनआयआरएफमध्येही लोकांच्या मनातल्या प्रतिमेला 10 टक्के आहेतच.

तरीही मी लिंकवरून विद्यापीठ जोखायला तयार नाही. का, ते एका यादीवरून सांगते.

कुठल्याही जुन्या राज्य विद्यापीठाच्या डोमेनकडे येणाऱ्या लिंक काढून बघा. ही यादी काढायची साधने बाजारात आहेत, त्यात काही गुपित नाही. वरवर चाळली तरी चित्र दिसते. नोकरीच्या जाहिराती गोळा करणाऱ्या साइट्स: 'अमुक विद्यापीठात लिपिक भरती'. निकाल सांगणाऱ्या साइट्स. वेळापत्रक आणि जुन्या प्रश्नपत्रिका देणाऱ्या साइट्स. क्लासवाल्यांचे ब्लॉग. वर्तमानपत्रांच्या बातम्या, त्यात पेपरफुटीची बातमीही आणि दीक्षान्त समारंभाचीही. मग कुठे तरी खाली एखाद्या परदेशी विद्यापीठाच्या विभागाने जोडलेले आपल्या विभागाचे पान, एखाद्या संशोधन प्रकल्पाचा डेटा, पाली किंवा संस्कृत विभागाने चढवलेली एखादी सूची. शिकण्या-शिकवण्याशी संबंध असलेला भाग हा एवढाच. यंत्र मात्र सगळे एकाच पोत्यात भरते. निंदेची लिंक आणि कौतुकाची लिंक त्याला वेगळी कळत नाही.

लिंकऐवजी भेटी मोजल्या तर घोटाळा आणखी वाढतो. आपल्याकडे विद्यार्थी विद्यापीठाच्या साइटवर हौसेने जात नाहीत. परीक्षा फॉर्म, हॉल तिकीट, निकाल, रिव्हॅल्युएशन, मायग्रेशन सर्टिफिकेट, यासाठी त्यांना जावेच लागते. 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांचे ऑनलाइन मूल्यांकन सुरू केले आणि उन्हाळी परीक्षांचे निकाल महिनोन् महिने रखडले. प्रकरण इतके वाढले की ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. त्या काळात लाखो मुले रोज साइट उघडून बघत होती, निकाल लागला का म्हणून. भेटी मोजणाऱ्या यंत्राला ती लोकप्रियताच दिसणार. गाडी वेळेवर सुटत नाही म्हणून एस.टी. स्टँडवर गर्दी साचते, त्यातलाच प्रकार.

आणि भेटींचा आकडा येतो कुठून? साइट चालवणाऱ्या संस्थेकडे खरा आकडा असतो, क्रमवारी लावणाऱ्याकडे नसतो. तो बाहेरच्या कंपन्यांचे अंदाज घेतो. वर्षानुवर्षे ज्या अलेक्साच्या (बोलणारे यंत्र नव्हे, वेबसाइटच्या भेटी मोजणारी सेवा) क्रमांकावर लोक विसंबले, तो ब्राउझरमध्ये एक जोडपट्टी (टूलबार) बसवलेल्या लोकांच्या नमुन्यावरून काढलेला अंदाज होता. आपली मुले निकाल मोबाइलवर बघतात, ती त्या नमुन्यात कुठून येणार? 1 मे 2022 ला ही सेवाच बंद झाली. त्याच्याही आधी, 2016 मध्ये, गूगलने पानांचे 'पेजरँक', म्हणजे लिंकवरून काढलेले वजन, लोकांना दाखवणे थांबवले होते. म्हणजे ज्या मापांवर ही इमारत उभी असते, ती मापे दुसऱ्याच कोणाच्या व्यापारासाठी बनलेली असतात आणि त्यांच्या मर्जीने बंद पडतात.

आता डोमेनचा मुद्दा, जो मला सगळ्यात अन्यायाचा वाटतो. इंग्लंड-अमेरिकेत विद्यापीठ म्हणजे साधारण एक आवार, एक शिक्षकवर्ग, एक पत्ता. आपली जुनी विद्यापीठे संलग्नतेवर उभी आहेत. मुंबई विद्यापीठाशी आठशेच्या आसपास कॉलेजे जोडलेली आहेत. पदवीचे बहुतेक विद्यार्थी शिकतात कॉलेजात, पदवी मिळते विद्यापीठाची. पुण्याच्या फर्ग्युसनचे डोमेन वेगळे, विद्यापीठाचे वेगळे. फर्ग्युसनच्या एखाद्या विभागाने काही सुंदर काम करून वेबवर ठेवले, तर त्याच्या लिंक विद्यापीठाच्या खात्यावर पडत नाहीत. उलट विद्यापीठाच्या डोमेनला मिळालेल्या नंबराचा त्या कॉलेजातल्या शिकवण्याशी संबंध नसतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत हेच लागू आहे. ती ज्या वर्गात बसणार, त्या वर्गाला या क्रमवारीत जागाच नाही. खासगी विद्यापीठाचे मात्र सगळे एकाच डोमेनखाली असते, इंजिनिअरिंग, फार्मसी, लॉ, डिझाइन, सगळे. म्हणून त्याचा आकडा फुगलेला दिसतो.

आणखी एक गोष्ट ग्रंथालयातली. आपल्या विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध 'शोधगंगा'वर जातात. यूजीसीने 2009 च्या नियमांनी ते इलेक्ट्रॉनिक रूपात देणे बंधनकारक केले, आणि हा संग्रह इन्फ्लिबनेट हे यूजीसीचे ग्रंथालय-जाळ्याचे केंद्र सांभाळते, गांधीनगरहून. ही व्यवस्था उत्तम आहे, मी तिची खंदी समर्थक आहे. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याने बोलीभाषेवर केलेला प्रबंध आज चंद्रपूरच्या शिक्षकाला घरबसल्या वाचता येतो. पण तो प्रबंध जेव्हा कोणी जोडतो, तेव्हा लिंक जाते इन्फ्लिबनेटच्या डोमेनकडे. शिवाजी विद्यापीठाला त्यातले काही मिळत नाही. हार्वर्डचे प्रबंध आणि लेख हार्वर्डच्याच संग्रहात, हार्वर्डच्याच पत्त्यावर असतात, म्हणून त्यांची प्रत्येक लिंक त्यांच्या पारड्यात पडते. आपण देशाच्या सोयीसाठी एकत्र ठेवले म्हणून मागे पडलो. असेच एनपीटीईएलचे. 2003 मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी यांनी मिळून सुरू केलेला हा ऑनलाइन व्याख्यानांचा उपक्रम. महाराष्ट्रातल्या कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुले परीक्षेच्या आधी त्याचीच व्याख्याने बघतात. पण त्याचे डोमेन वेगळे आणि व्हिडिओ यूट्यूबवर.

याउलट मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र बघा. ऑलिम्पियाडची तयारी करणारी मुले आणि शिक्षक देशभरातून त्यांच्या पानांवर येतात. ते केंद्र टीआयएफआरचा, म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, भाग आहे आणि त्याचा पत्ताही टीआयएफआरच्याच डोमेनखाली आहे, म्हणून त्याच्या लिंक टीआयएफआरला मिळतात. यात चूक काही नाही, हे श्रेय टीआयएफआरचेच आहे. पण पत्ता वेगळा घेतला असता तर तेच काम, तेच लोक असूनही आकडा बदलला असता. मोजमाप इतक्या किरकोळ कारणाने हलत असेल, तर त्यावर कोणाचा नंबर लावणे मला पटत नाही.

भाषा आणि वय यांचेही तसेच. लिंक साचत जातात, वर्षे जातील तशा वाढतात. नागपूर विद्यापीठ 1923 चे. त्यातून चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे वेगळे काढून 2011 मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले. ग्रामसभांना सक्षम करण्याच्या प्रशिक्षणाचे त्याचे काम ज्यांच्यासाठी आहे, ती माणसे वेबसाइटवर लिंक देत बसणार नाहीत. ती प्रशिक्षणाला येतात, गावी परत जाऊन वनहक्काची कागदपत्रे नीट लावतात. मराठीत लिहिलेल्या संशोधनाला इंग्रजी जगातून लिंक येणार तरी कुठून? उद्धरणांच्या आकड्यांतही इंग्रजी आणि विज्ञान-वैद्यक यांचेच पारडे जड असते. इतिहास, मराठी, लोककला यांचे विभाग कितीही चांगले असोत, त्या तागडीत ते हलकेच ठरतात.

याचा परिणाम विद्यापीठाच्या आत काय होतो, ते बाहेरून दिसत नाही. वेबोमेट्रिक्स सुरुवातीला डोमेनवर किती पाने आहेत आणि पीडीएफ, वर्ड, पॉवरपॉइंटसारख्या फायली किती, हेही मोजत असे. मग ठिकठिकाणच्या संस्थांत फर्माने निघाली: सगळ्या परिपत्रकांच्या पीडीएफ चढवा, प्रत्येक शिक्षकाने पाच पीपीटी द्याव्यात. चढवल्यावर त्या कोणी उघडल्या की नाही, हे विचारणारे कोणी नव्हते. क्रमवारीवाल्यांनाही हे कळले असणार, कारण ती मोजणी त्यांनी हळूहळू कमी करत बंद केली. जे मोजले जाते त्यामागे कारकुनी धावते, आणि तेवढा वेळ विभागातल्या शिक्षकाच्या हातून जातो. आधीच निम्मे तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर चालणाऱ्या विभागात हा वेळ कोणाच्या वाट्याचा जातो, हे तुम्हीच ओळखा.

मग ही मापे निरुपयोगी आहेत का? तसे मी म्हणणार नाही. एखादी संस्था आपले ज्ञान लोकांसाठी किती खुले ठेवते, हे बघायला लिंकसारखे माप चांगले आहे. वेबोमेट्रिक्सचा मूळ हेतूही तोच होता, विद्यापीठांनी आपले काम वेबवर खुले करावे. विद्यापीठाने स्वतःची तुलना स्वतःच्याच मागच्या वर्षाशी करावी, कुठले विभाग वेबवर अजिबात दिसत नाहीत ते शोधावे, तुटलेल्या लिंक दुरुस्त कराव्यात. आयक्यूएसीत बसून मी हे आकडे याच कामासाठी वापरले आणि त्यांचा फायदा झाला. जगाच्या यादीच्या अगदी वर तर बहुतेक क्रमवाऱ्यांत साधारण तीच नावे दिसतात, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी. त्यामुळे लोकांना वाटते की हे माप बरोबर चालते. आपल्या मुलांची निवड मात्र यादीच्या मधल्या पट्ट्यात असते, जिथे पाचशे जागांचा फरकही एका डोमेन बदलाने पडू शकतो. हार्वर्डपाशी जे जमले ते तिथेही जमेल, असे धरून चालू नका.

गूगलच्या तारका आणि यूट्यूबवरचे 'कॉलेज रिव्ह्यू' यांबद्दल फार लिहीत नाही. कॉलेजांची माहिती देणाऱ्या पुष्कळशा पोर्टलचे उत्पन्न तुमच्या मुलीचा फोन नंबर पुढे देण्यातून येते. चौकशीचा फॉर्म एकदा भरून बघा, संध्याकाळपर्यंत फोन सुरू होतात.

त्याऐवजी हे करा. दोन्ही संस्था एनआयआरएफमध्ये भाग घेतात का ते बघा. घेत असतील तर त्यांनी भरलेल्या डेटाची पीडीएफ खुली असते, संस्थेलाही ती स्वतःच्या साइटवर ठेवावी लागते. नंबर सोडून द्या, ती पीडीएफ उघडा. तीन वर्षांच्या पदवीचा तक्ता शोधा. त्यात एका ओळीत सगळे असते: पहिल्या वर्षाला जागा किती, प्रवेश किती झाले, ठरलेल्या मुदतीत किती जण पास झाले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, पुढच्या शिक्षणाला किती गेले. समजा 120 जणांनी प्रवेश घेतला, 60 मुदतीत पास झाले, 12 जणांना नोकरी लागली आणि मध्यक पगार चार लाख दाखवला आहे. तो चार लाखांचा आकडा त्या 12 जणांतला मधला आहे, 120 जणांचा नव्हे. जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरात येतो. तुमच्या मुलीला पुढे शिकायचे आहे, म्हणून तुम्ही शेवटचा रकाना बघा, आणि मुदतीत पास होणाऱ्यांचा. मात्र हा तक्ता सगळ्या विषयांचा एकत्र असतो, फिजिक्सचा वेगळा नाही, एवढे लक्षात ठेवा. आणि हेही आकडे संस्थेनेच भरलेले असतात, तेव्हा तीन वर्षांच्या पीडीएफ शेजारी शेजारी ठेवा. एखादा आकडा अचानक उडी मारत असेल तर कॉलेजात जाऊन विचारा.

नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, याचा तक्ता असतो. मग फिजिक्स विभागात स्वतः जा, मुलीला बरोबर घेऊन. कायम शिक्षक किती आणि सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, किती, हे विचारायला संकोच करू नका. प्रयोगशाळा बघा, उपकरणांवर धूळ आहे की वापराच्या खुणा, ते दिसतेच. तिसऱ्या वर्षाच्या दोन-तीन मुलींना विचारा: प्रॅक्टिकल खरेच होतात की जर्नल उतरवून घेतात? ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते? मागच्या वर्षी इथून कोण आयसर, आयआयटी किंवा विद्यापीठाच्या एम.एस्सी.ला गेले? खासगी विद्यापीठातही हेच प्रश्न विचारा. तिथे विभाग खरोखर चांगला निघू शकतो, नवे आहे म्हणून वाईट ठरत नाही. फक्त ते यूजीसीच्या यादीत आहे ना, एवढे आधी तपासा. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसीच जाहीर करते.

आता जर्मनी. तिथे वेब रँकिंगचा नंबर विचारत नाहीत. तिथे बघतात की तुमची पदवी देणारे विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का. त्यासाठी अनाबिन नावाचा जर्मन सरकारी डेटाबेस आहे, त्यात मान्य संस्थेपुढे 'एच प्लस' अशी खूण असते. संलग्न कॉलेजच्या मुलांनी तिथे कॉलेजचे नाव न शोधता पदवी देणाऱ्या राज्य विद्यापीठाचे शोधावे. नव्या खासगी विद्यापीठाची नोंद तिथे आहे का, हे प्रवेशाआधी आजच बघून घ्या. शिवाय 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचे प्रमाणपत्र लागते, त्यात गुणपत्रिका आणि पदवीची छाननी होते. आपल्या गुणांचे जर्मन श्रेणीत रूपांतर साधारणपणे सुधारित बव्हेरियन सूत्राने होते. तीन वर्षांची बी.एस्सी. पुरते की नाही, हे तिथले प्रत्येक विद्यापीठ आपापल्या निकषांवर ठरवते. तेव्हा चौथ्या वर्षाच्या ऑनर्सची सोय त्या कॉलेजात फिजिक्ससाठी आहे का, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी विचारा. माझ्या मते तुमच्या निवडीत सगळ्यात जास्त वजन याच प्रश्नाला द्यायला हवे.

आणि प्रवेश कुठेही घेतला तरी, पहिल्या सत्रापासून प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची पीडीएफ उतरवून ठेवायला मुलीला सांगा. जर्मनीतल्या प्रवेश समित्या क्वांटम मेकॅनिक्स किंवा गणितात नेमके काय आणि किती तास शिकवले, हे तपासतात. आपल्याकडे अभ्यासक्रम बदलला की जुनी फाईल साइटवरून काढली जाते, आणि मग ती मिळवायला विद्यापीठात खेटे घालावे लागतात.